चांदीच्या नाण्याला अळंबीतलं विष कळत नाही

सप्टेंबर लागला की जर्मनीतल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: ‘जंगलातली अळंबी बिनधास्त आणा. शिजवताना चांदीचं नाणं नि लसूण टाका, काळं पडलं नाही तर खा. किड्यांनी कुरतडलेली असेल तर शंकाच नको. उकळून पाणी फेकलं की उरलंसुरलं विषही जातं.’ खाली पंचवीस अंगठे.

नाण्यापासून सुरू करू. चांदी काळवंडते ती मुख्यतः गंधकाच्या काही संयुगांमुळे. उकडलेल्या अंड्याला लावलेल्या चमच्याचं तेच होतं. डेथ कॅप नावाच्या जीवघेण्या अळंबीतलं अमाटॉक्सिन हे विष चांदीला काहीच करत नाही. लसूण तर आंबटात घातला की आपणहून हिरवा-निळा पडतो, हे लोणचं घालणाऱ्या कुणालाही विचारा.

किडे? गोगलगायी डेथ कॅप मजेत खातात. त्यांचं शरीर वेगळं, आपलं यकृत वेगळं.

उकळण्याचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण काही अळंब्या खरोखरच कच्च्या बाधतात नि शिजवल्यावर चालतात. अमाटॉक्सिन मात्र ना उकळून जातं, ना वाळवून. ऑस्ट्रेलियातल्या लिओनगाथामध्ये 2023 साली जेवणातून डेथ कॅप पोटात गेली. ती बीफ वेलिंग्टनमध्ये, म्हणजे पिठाच्या आवरणात गुंडाळून भट्टीत भाजलेल्या गोमांसात होती. तिघे दगावले.

‘काही झालंच तर लगेच उलटी होईल,’ असंही कुणीतरी खाली लिहिलेलं असतं. डेथ कॅप साधारण सहा ते चोवीस तास गप्प बसते. मग उलट्या-जुलाब, मग थोडा उतार. माणूस म्हणतो, चला, सुटलो. आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. हा उतार फसवा असल्यामुळे माणूस दवाखान्यात उशिरा पोचतो. तेव्हा पहिली उलटी झाली, की लगेच विष-हेल्पलाइनला फोन लावायचा नि उरलेली अळंबी, अगदी सोललेली सालंसुद्धा, सोबत न्यायची.

‘आमच्या गावी अशीच उगवते’ हा मेसेजमध्ये नसलेला, पण मनात असलेला दावा. 2015 मध्ये जर्मनीत नव्याने आलेले अनेक निर्वासित याच भरवशावर डेथ कॅप खाऊन हॅनोव्हरच्या इस्पितळात दाखल झाले. नंतर अरबी आणि कुर्दीत इशाऱ्याचे फलक निघाले. आपल्याकडच्या वारुळावरच्या अळंबीला उगवायला वाळवीच हवी असते. ती इथे ओक-बीचखाली सापडणार नाही. तिथे सापडते ती हिरवट टोपीची, खाली पांढऱ्या पट्ट्या, दांड्याला कडं आणि बुडाशी मातीत दडलेली पिशवी असलेली. चाकूने जमिनीलगत कापलीत तर ती पिशवी मातीतच राहते, म्हणजे ओळखीची सर्वांत मोठी खूण तुम्हीच मागे टाकून येता. अनोळखी अळंबी हलक्या हाताने बुडासकट उपटायची. कोवळी, अंड्यासारखी असेल तर उभी चिरायची. आत टोपी नि दांड्याची आकृती दिसली तर ती भुईफोड, म्हणजे चेंडूसारखी गोल अळंबी नव्हे.

आणि हो, मेसेज पाठवणाऱ्यांनो, जर्मनीत बऱ्याच शहरांत जाणकार स्वयंसेवक टोपली तपासून देतात, अनेकदा फुकट. तिथे नाणं नको, फक्त अख्खी अळंबी न्या.