प्राग पाहावं ते छत्रीमागून

प्रागला जायचं ठरलं असेल तर सगळ्यात आधी एक पथ्य पाळा: प्रागबद्दल काहीही वाचू नका. वाचून आलेला माणूस वॉकिंग टूरच्या कामाचा राहत नाही. गाइड रंगात आलेला असताना याच्या तोंडावर ‘हं, पण…’ उमटतं आणि शेजारच्या चार जणांचा विरस होतो. माझं हेच झालं. मुलगी म्युनिकला असते, तिनं तिघांची बसची तिकिटं काढून दिली आणि मी हौसेनं आठवडाभर वाचत बसलो. अडीच तासांच्या टूरमध्ये बायकोनं मला चार वेळा कोपरानं ढोसलं. तेव्हा कोरे जा. पाटी कोरी असली की तीवर काहीही चांगलं उमटतं.

टूर निवडायची तर फुकटची निवडा. ओल्ड टाउन स्क्वेअरवर सकाळी दहाच्या सुमाराला लख्ख ऊन असताना लाल, पिवळ्या, निळ्या छत्र्या उघडलेल्या दिसतात. वारीत जशी प्रत्येक दिंडीची पताका, तशी इथे प्रत्येक कंपनीची छत्री. आपली कोणती ते लक्षात ठेवा, बाकी शहर लक्षात नाही राहिलं तरी चालेल. पुढचे अडीच तास तुम्हाला बघायची आहे ती छत्रीच. ती थांबली की थांबायचं, वळली की वळायचं. मध्येच एखाद्या दारावरची कोरीव नक्षी बघत रेंगाळलात तर छत्री हरवते, आणि मग अनोळखी गल्लीत खरोखरचं प्राग समोर येऊन उभं राहतं. तो धोका पत्करू नये.

सुरुवातीलाच गाइड सगळ्यांना दाटीवाटीनं उभं करून एक फोटो काढतो. आठवण म्हणून, असं सांगतो. हसा. अशा बऱ्याच कंपन्यांत गाइडलाच माणशी ठरावीक रक्कम कंपनीला भरावी लागते आणि डोकी मोजायला हा फोटो लागतो. म्हणजे तुम्ही अर्ध्यातून सटकलात तर ते त्याच्या खिशातून. फोटोत डोळे मिटलेले आले तरी हरकत नाही, डोकं तेवढं यायला हवं.

बूट नवेकोरे घाला. जुन्या गावात रस्ते आणि पदपथ दगडाच्या चौकोनी तुकड्यांनी जडवलेले आहेत. फोटोत सुरेख दिसतात, पावलाला मात्र प्रत्येक तुकडा वेगळा कळतो. तासाभरात टाचेला फोड आला की घाबरू नका, वेन्सेस्लास चौकात बाटाचं दुकान आहे. 1929 साली बांधून झालेली काचेची उंच इमारत. शाळेचे काळे बूट घेताना आपण ज्याला लहानपणापासून देशी समजत आलो, तो बाटा मूळचा याच देशातल्या झ्लीन गावचा, 1894 सालचा. ही माहिती टूरमध्ये मिळत नाही. फोड आला तर मिळते.

आता पोटातल्या पाण्याविषयी. निघण्यापूर्वी दोन कप कॉफी प्या, म्हणजे टीन चर्चसमोर पोचेपर्यंत वेळ बरोबर जुळते. हे चर्च म्हणजे चौकावर डोकावणारे ते दोन काळे टोकदार मनोरे. आत टायको ब्राहेला पुरलं आहे. दुर्बिणीआधीच्या काळात निव्वळ डोळ्यांनी ग्रहांची इतकी काटेकोर मोजणी करणारा दुसरा कुणी झाला नाही. त्याच्या मंगळाच्या नोंदींवरून केप्लरनं ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचं शोधून काढलं. पण गाइड ग्रहांबद्दल बोलत नाही. तो सांगतो की 1601 साली एका मेजवानीत यजमानाआधी उठणं असभ्य म्हणून टायको लघवी दाबून बसला आणि त्याचं मूत्राशय फुटलं. फुटलं वगैरे नाही. लघवी अडली आणि अकरा दिवसांनी तो गेला. पाऱ्याचा विषप्रयोग झाला असावा म्हणून 2010 साली त्याचं थडगं उघडलं, तर तेही खरं निघालं नाही. एवढं सगळं मी हळू आवाजात बायकोला सांगू पाहिलं. ढोसणं क्रमांक एक. तिला त्या क्षणी टायकोचं फक्त पहिलं दुखणं पटत होतं. प्रागमध्ये शौचालयाला पैसे लागतात, नाणी वेगळ्या खिशात ठेवा.

खाण्याचं थोडक्यात सांगतो. धुराड्यासारखा पोकळ, साखरेत घोळवलेला पाव जागोजागी ‘जुनी बोहेमियन परंपरा’ म्हणून विकतात (बोहेमिया म्हणजे प्रागभोवतालचा जुना प्रांत). ट्रडेलनिक त्याचं नाव. चेक माणसाला विचारलंत तर तो डोळे फिरवतो. ही परंपरा पर्यटकांच्या मागोमाग आली. आवर्जून खा, आत आइस्क्रीम भरून खा. चौकातल्या टपरीवर हॅम घ्याल तर पाटीवरचा भाव 100 ग्रॅमचा आहे हे अजिबात वाचू नका. विकणारा मोठ्या मनानं कापतो, आणि मग तुम्हालाही मोठ्या मनानं द्यावे लागतात. आम्ही शाकाहारी, आम्हाला तळलेलं चीज मिळालं. दुसऱ्या दिवशीही तळलेलं चीजच मिळालं.

मुख्य सोहळा अर्थात घड्याळाचा. जुन्या टाउन हॉलच्या भिंतीवरचं हे ओर्लॉय, म्हणजे खगोलीय घड्याळ. तासाच्या पंधरा मिनिटं आधी जाऊन उभे राहा, पाकीट मागच्या खिशात ठेवा आणि मान वर करा. सगळी गर्दी एकाच दिशेला तोंड वासून बघते आहे आणि कुणाचंच लक्ष खिशाकडे नाही, असं दृश्य खिसेकापूंना आषाढीनंतर इथेच मिळत असावं. ठोका पडायची वेळ झाली की सांगाडा दोरी ओढतो, वरच्या दोन खिडक्या उघडतात, एकामागून एक बारा प्रेषित डोकावून जातात, आरसा धरलेला गर्विष्ठ, थैली धरलेला कंजूष वगैरे माना हलवतात, शेवटी कोंबडा आरवतो. झालं. मिनिटभराचा खेळ. गर्दीतून एक ‘बस, एवढंच?’ असा सुस्कारा निघतो, वीस भाषांत एकाच वेळी. तुम्हीही सोडा.

पण कृपा करून नंतर तिथेच उभं राहून तबकडीकडे बघू नका. मी बघितलं आणि फसलो. कारण ते घड्याळ नाहीच, पंचांग आहे. सोन्याच्या काट्यावरचा सूर्य बारा राशींच्या कड्यावर सरकतो. चंद्राचा छोटा गोळा अर्धा काळा, अर्धा रुपेरी, स्वतःभोवती वळून कला दाखवतो. बाहेरच्या कड्यावर जुने बोहेमियन तास आहेत. ते सूर्यास्तापासून मोजायचे, म्हणून ते कडंच वर्षभर पुढे-मागे होत राहतं. आतल्या वक्र रेषा दिवसाचे, म्हणजे उगवतीपासून मावळतीपर्यंतच्या वेळेचे, बारा सारखे भाग पाडतात. उन्हाळ्यात तास लांब, हिवाळ्यात आखूड. राहुकाळ रोज का सरकतो हे ज्यांना आजीनं समजावलंय त्यांना हे दोन मिनिटांत कळावं. (राशी सायन, म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीच्या आहेत, पत्रिकेशी ताळा लावत बसू नका.) आणि खाली दुसरी तबकडी: 365 दिवस, प्रत्येक दिवसाचा संत, बारा महिन्यांची बारा चित्रं, मूळ 1866 ची, चित्रकार योसेफ मानेसची. स्वयंपाकघराच्या दाराशी आपण खिळ्याला जे लटकवतो ते यांनी भिंतीत बसवून घेतलं आहे. मी हे बायकोला सांगायला वळलो तर ढोसणं क्रमांक दोन, कारण गाइड तेव्हा डोळे काढत होता.

ही गोष्ट तुम्हाला कंपल्सरी आहे. घड्याळ केलं ते मास्टर हानुशनं. असं दुसरं कुठे होऊ नये म्हणून नगरपालांनी तापलेल्या सळईनं त्याचे डोळे फोडले. मग त्यानं चाचपडत येऊन यंत्रात हात घातला आणि घड्याळ बंद पाडलं. ऐकताना तुम्हाला आठवेल की आग्र्याच्या गाइडनं ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडले होते. आठवू द्या, बोलू नका. जगात काहीही सुंदर उभं राहिलं की गाइड लोक कारागिराचा एखादा अवयव काढूनच घेतात. मूळ घड्याळ 1410 सालचं आहे, केलं कादान गावच्या मिकुलाशनं, त्यामागचं गणित बहुधा यान शिंडेल या विद्यापीठातल्या खगोलज्ञाचं. शेकडो वर्षं श्रेय हानुशला मिळालं, विसाव्या शतकात जुन्या कागदावरून मिकुलाश सापडला. मिकुलाशला दोन्ही डोळे शेवटपर्यंत होते, म्हणून तो टूरमध्ये बसत नाही.

घड्याळाच्या कोपऱ्यावरून वळलं की फरसबंदीत पांढऱ्या दगडाचे सत्तावीस क्रॉस आहेत. 21 जून 1621 ला हाब्सबुर्ग सम्राटाविरुद्धच्या बंडात हरलेल्या सत्तावीस जणांना याच चौकात मारलं. त्यातल्या बारा जणांची मुंडकी चार्ल्स ब्रिजच्या मनोऱ्यावर दहा वर्षं टांगलेली होती. आमच्या ग्रुपपैकी सहा-सात जण घड्याळाचे व्हिडिओ पाठवायला तिथेच उभे होते. नेटवर्क छान येतं. शेजारी हिरवळीचा एक मोकळा तुकडा आहे. तिथे टाउन हॉलचा एक भाग होता, मे 1945 मध्ये लढाईत जळाला. त्या जागी काय बांधायचं याच्या स्पर्धा भरवून झाल्या, नकाशे मागवून झाले, हिरवळ जागच्या जागी. या एका ठिकाणी मला प्राग अगदी घरचं वाटलं.

पुलावर पोचेपर्यंत ऐकण्याची ताकद संपलेली असते, म्हणून तिथे अंडी येतात. चार्ल्स ब्रिजचा पायाचा दगड 1357 साली, 9 जुलैला, पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी बसवला म्हणतात; 1-3-5-7-9-7-5-3-1, उलटसुलट सारखंच. मुहूर्त काढणारे सगळीकडे आहेत, एवढाच याचा अर्थ. चुना घट्ट व्हावा म्हणून राज्यभरातून अंडी मागवली, तर वेल्वारी गावानं वाटेत फुटू नयेत म्हणून उकडून पाठवली. ही दंतकथा मला मनापासून आवडली, आणि मी पहिल्यांदाच मोठ्यानं हसलो. आमच्याकडे चुन्यात गूळ घालत, असं मी शेजारच्या डच बाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, मग मुंग्या? याचं उत्तर आजवर आमच्या एकाही गडावरच्या गाइडनं मला दिलेलं नाही. ढोसणं क्रमांक तीन.

टूर संपते ती पुलाच्या आसपास. गाइड ‘मनाला वाटेल तेवढं’ म्हणतो. यथाशक्ती दक्षिणा. या क्षणाची तयारी मात्र आधीपासून हवी. शेवटच्या दोन थांब्यांवर हळूहळू मागे रेंगाळा. मग पुलावरच्या संत यान नेपोमुकच्या पुतळ्याखालच्या, हात लावून लावून चकचकीत झालेल्या पितळी चित्राला हात लावायला म्हणून निघा आणि रांगेत विरून जा. हात लावणारा पुन्हा प्रागला येतो म्हणे, मग पैसे तेव्हा देता येतील. नाहीच जमलं तर कोंडाळं करून मराठीत मोठ्यानं चर्चा करा.

“अहो, शंभर पुरेत.”

“शंभरची नाहीये. दोनशेची आहे.”

“दोनशे म्हणजे आठशे रुपये झाले की!”

चेक कोरुनाला चारानं गुणायचं आम्हाला फक्त टिप देताना सुचलं. तीन ट्रडेलनिक घेताना सुचलं नव्हतं. शेवटी दोनशे दिले, तिघांत. गाइड विशी-बाविशीचा पोरगा, घसा बसलेला, छत्रीची एक काडी मोडून लोंबत होती. फोटोत मी सव्वीस डोकी मोजली होती, शेवटाला अकरा उरली. सगळे पांगल्यावर मी त्याला हळूच म्हणालो, घड्याळ हानुशनं केलेलं नाही ना? ढोसायला बायको जवळ नव्हती. त्यानं टोपीतल्या नोटा सारख्या करत माझ्याकडे बघितलं.

“पहिला महिनाभर मी मिकुलाशच सांगायचो,” तो म्हणाला, आणि छत्री मिटली.

दुसऱ्या दिवशी बसला वेळ होता म्हणून सकाळी मी एकटाच घड्याळाशी गेलो. तिथे एक कुटुंब पंधरा मिनिटं आधी येऊन, माना वर करून उभं होतं. नऊवारीतल्या आजी, खाली स्पोर्ट्स शूज. “काका, मराठी ना? इथे नक्की काय होतं हो?” सूनबाईंनी विचारलं. मला भरून आलं. मी अगदी पद्धतशीर सुरुवात केली: 1410 साल, कादानचा मिकुलाश, सूर्याचा काटा, चंद्राची कला, सूर्यास्तापासूनचे तास. आजी दोनदा ‘हो का’ म्हणाल्या. मुलाचे वडील पाकीट चाचपत होते. दहा-अकरा वर्षांचा नातू मोबाइलमध्ये मान खाली घालून उभा होता.

“आणि मग,” मी म्हणालो, “ज्यानं हे घड्याळ केलं ना, त्याचे डोळे काढले.”

नातवाची मान वर आली.

“कशानं?”

“सळईनं. तापवून.”