जुनी राईड काढतायत म्हणे? रडायची तयारी अशी करा

तर बातमी पोचलीच असेल तुमच्यापर्यंत. तुमच्या लहानपणीच्या पार्कातली ती राईड, हो तीच, जिच्यावरून उतरल्या उतरल्या तुम्ही कचऱ्याच्या डब्यात ओकला होतात आणि नंतर दहावीपर्यंत सगळ्यांना 'काय नाय रे, फुल्ल मजा आली' असं सांगत फिरलात, ती काढतायत. तिच्या जागी काहीतरी नवीन येणार, मोठा स्क्रीन असणार, डोळ्यांना चष्मा लावायला देणार आणि पार्कवाले त्याला राईड न म्हणता 'अनुभव' म्हणणार. म्हणजे आता जबाबदारी तुमच्यावर आली. जुन्या राईडचा खरा फॅन म्हणून भांडायचं कसं हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत, म्हणून मी सांगतो. मी गेली बरीच वर्षं हेच करतोय आणि आजवर एकही राईड वाचलेली नाही, तेव्हा अनुभव दांडगा आहे.

सगळ्यात आधी, आपण तिच्यात शेवटचे कधी बसलो होतो हे आठवायला जाऊ नका. आठवलंत तर निघेल शाळेची पिकनिक, त्यातही अर्धा दिवस बसमध्ये अंताक्षरी आणि उरलेला अर्धा बाईंनी रोल नंबरप्रमाणे रांगेत उभं केलेलं. त्यानंतर वीस वर्षांत त्या पार्काला तुमच्या खिशातून एक रुपया गेलेला नाही, दरवेळी तिकिटाचा आकडा बघून 'एवढ्यात तर लोणावळा होतं' म्हणालात आणि लोणावळ्यालाही गेला नाहीत. पण प्रेमाचा तिकिटाशी संबंध जोडणारी माणसं कोत्या मनाची असतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. माझं तर असं निरीक्षण आहे की माणूस जितकी वर्षं राईडवर बसलेला नसतो तितकं त्याचं तिच्यावरचं प्रेम घट्ट. जो खरंच दर दोन महिन्यांनी जाऊन बसतो तो एवढंच म्हणतो, 'हो यार, मान लय आखडते आजकाल तिच्यात.' असल्या माणसाला चर्चेत तोंड उघडू देऊ नका, सगळं वाटोळं करतो.

मुंबईकर म्हणून आपल्याला या कामाचा सराव आहेच म्हणा. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली तेव्हा आपल्या आजोबांनी गर्दी केली. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची जुनी डिझेलवाली डबलडेकर निघाली तेव्हा आपण केली, हार, फुगे, सेल्फी, सगळं झालं, माझा एक मित्र तर खास सुट्टी टाकून निरोप द्यायला गेला आणि घरी कॅबने आला. पुढच्याच महिन्यात प्रीमियर पद्मिनी टॅक्सी गेली, कारण शेवटच्या गाडीचं रजिस्ट्रेशन २९ ऑक्टोबर २००३ चं आणि टॅक्सीला मुदत २० वर्षांची. यावरून एक गोष्ट लक्षात घ्या, भांडताना उपयोगी पडेल. न्यू जर्सीत किंगडा का नावाची रोलर कोस्टर होती, ४५६ फूट, जगातली सगळ्यात उंच, ताशी २०६ किलोमीटरने माणसं वर फेकायची. २००५ ला सुरू झाली, नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद, आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला सुरुंग लावून पाडली. म्हणजे वय साडेएकोणीस. आपली काळीपिवळी, जिचा मागचा दरवाजा आतून धरून बसावं लागायचं, ती तिच्यापेक्षा जास्त जगली. आणि गंमत म्हणजे शेवटच्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्यांना ही शेवटची फेरी आहे हे माहीतच नव्हतं, घोषणा नंतर झाली, त्यामुळे तिथल्या फॅन लोकांना नीट रडताही आलं नाही. एवढा अन्याय आपल्या एकाही बसवर झालेला नाही.

आता मुख्य मुद्दा, तो म्हणजे सोसायटीची मीटिंग. तुम्ही म्हणाल हिचा काय संबंध, तर आहे. समजा शनिवारी दुपारी तुम्ही 'पस्तीस वर्षांची राईड म्हणजे हेरिटेज आहे, तिला हात लावायचा नाही' असं टाळ्या घेणारं बोललात आणि रविवारी सकाळी तुमच्या बिल्डिंगची रिडेव्हलपमेंटची मीटिंग निघाली. बिल्डिंगही पस्तीस वर्षांची. मुंबईत ३० वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, ते झालेलं आहे, प्लास्टर पडतंय, सळ्या दिसतायत, जिन्याखाली टेकू लावलाय. इथे तुम्ही उठून काय म्हणायचं? 'पाडा, ताबडतोब पाडा, सी-वनमध्ये, म्हणजे अतिधोकादायक इमारतींच्या यादीत, टाकून घ्या, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि कार्पेट एरिया किती जास्त देतोय ते आधी लिहून घ्या.' दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून चोवीस तासांच्या आत निघाली पाहिजेत आणि चेहऱ्यावरची रेषही हलता कामा नये. ज्या बिल्डिंगमध्ये जन्मलो, जिच्या गच्चीवर पतंग उडवले, जिच्या भिंतीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा केल्या, ती मोडकी, आणि ज्या लोखंडात वर्षातून एकदा तीन मिनिटं बसलो ते आपलं बालपण. कुणी याच्यावर बोट ठेवलंच तर म्हणायचं की राईडला कार्पेट एरिया नसतो, त्यामुळे तिच्यावरचं प्रेम निस्वार्थ असतं. हे वाक्य मी दोनदा वापरलंय, दोन्ही वेळा समोरचा गप्प झाला.

'आत्मा' हा शब्द मात्र विसरू नका. नव्या राईडला आत्मा नाही, असं म्हटल्याशिवाय कुठलीही चर्चा पूर्ण होत नाही. जुन्या कोस्टरचा आत्मा कुठे असतो तर चढावर, गाडी वर जाताना टक टक टक टक असा आवाज येतो ना, तिथे. तो आवाज काढायच्या वेळी डोळे मिटून घ्या. फक्त कुणाला सांगू नका की तो आवाज म्हणजे एक लोखंडी खुट्टी आहे, चेन तुटलीच तर गाडी उलटी खाली घसरू नये म्हणून दातेरी पट्टीवरून अडकत अडकत जाते ती, म्हणजे ज्याला तुम्ही आत्मा म्हणताय तो हँडब्रेकचा लांबचा भाऊ आहे.

मेकॅनिक लोकांपासून तर चार हात लांबच राहा. हे लोक सकाळी तुम्ही कूस बदलत असता तेव्हा त्या रुळांवरून चालत जाऊन नटबोल्ट बघतात आणि त्यांना प्रेमाबिमाचं काही कळत नाही. त्यांच्याशी बोललात की ते लोखंड थकण्याबद्दल सांगत बसतात. लाखो वेळा तेच वजन त्याच वळणावर आदळलं की पोलादाच्या पोटात बारीक चीर जाते, बहुतेक वेळा वेल्डिंगच्या आसपास, आणि साध्या डोळ्याला ती दिसत नाही. मग ते काय करतात, रंग खरवडून भाग साफ करतात, त्यावर लाल द्रव लावतात, थोडा वेळ ठेवून पुसून टाकतात आणि वरून पांढरी पावडर मारतात. चीर असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पावडरीतून वर येतो, केसाएवढी लाल रेघ. त्यात आपल्याकडे चार महिने पाऊस आणि वर्षभर खारं वारं, ज्या शहरात खिडकीचं ग्रिल दर दोन वर्षांनी रंगवावं लागतं तिथे हे एवढं लोखंड उघड्यावर उभं. आणि पार्ट? मूळ कंपनी जिवंत असेल तर पार्ट. ॲरो डायनॅमिक्स म्हणून अमेरिकन कंपनी होती, १९५९ ला डिस्नेलँडसाठी पोलादी नळ्यांच्या रुळांवरची पहिली कोस्टर हिनेच बनवली, तेव्हा नाव ॲरो डेव्हलपमेंट होतं, २००१ ला दिवाळखोरीत गेली. पद्मिनीचा गिअरबॉक्स कुर्ल्याला सीएसटी रोडवर शोधलात तर मिळून जाईल, कोस्टरच्या चाकाचं असेंब्ली कुठल्या गल्लीत मिळतं ते मला तरी अजून सापडलेलं नाही. एकेक पार्ट नव्याने बनवून घ्यावा लागतो, खर्च पार्कवाल्याचा, राईड आठ-आठ महिने बंद आणि बोर्ड 'देखभालीसाठी बंद'. असं सगळं ऐकलं की माणूस विचारात पडतो आणि विचारात पडलेला माणूस फॅन म्हणून बाद, म्हणून म्हटलं, लांब राहा.

उदाहरणं द्यायची तर फक्त सोयीची द्या. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरची सायक्लोन घ्या, १९२७ ची लाकडी कोस्टर, मत्स्यालय वाढवायला पाडायचं घाटत होतं, लोकांनी वाचवली, १९८८ मध्ये शहराने तिला संरक्षित वास्तू केलं. टाळ्या. पण लाकडी कोस्टरच्या फळ्या सतत बदलत असतात हे पुढे बोलू नका, नाहीतर कोणीतरी विचारणार की मग त्यात १९२७ चं राहिलं काय. तसंच पेनसिल्व्हेनियात १९०२ ची लीप-द-डिप्स आहे, उभ्या असलेल्यांत जगातली सगळ्यात जुनी. तिचा वेग ताशी साधारण १६ किलोमीटर, म्हणजे संध्याकाळी सात वाजता वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर रिक्षात बसलेला माणूस रोज जो थरार घेतो तोच, आणि तिथे मीटरही पडतो. तीसुद्धा १९८५ ला बंद पडली होती, पैसे जमवून दुरुस्त करून १९९९ ला परत सुरू केली. पैसे जमवून हा भाग गाळा. आपल्या लोकांना उगाच सवय लागायला नको.

आता समजा तुम्ही उलट्या पार्टीत असाल, काढून टाका वाल्यांच्या. तुमचं काम सोपं आहे. एकदा दुबईला जाऊन आलेलं असणं पुरेसं. मग आयुष्यभर 'बाहेर बघा कुठे पोचलेत' म्हणता येतं, अबू धाबीच्या फॉर्म्युला रोसाचा ताशी २४० चा स्पीड तोंडपाठ ठेवा, आणि आपण तिथे खाली उभं राहून बायकोचे फोटो काढत होतो हे सांगायची गरज नाही. जुन्या पार्टीवाल्याला 'काळाबरोबर चाला' म्हणा. तो तुम्हाला 'मॉल कल्चर' म्हणेल. इथून पुढे दोघांनी एकमेकांचं ऐकायचं नाही, हा नियम आहे.

निरोपाच्या वस्तूंचं मात्र आधी बघून ठेवा. फ्लोरिडाच्या डिस्नेमधली स्प्लॅश माउंटन जानेवारी २०२३ ला बंद झाली तेव्हा लोकांनी तिचं पाणी बरण्यांत भरून ऑनलाईन विकायला काढलं होतं, पाण्याच्या राईडचं पाणी हो, ज्यात दिवसभर हजारो लोकांचे मोजे भिजतात ते. आपण काशीहून गडू आणून देवघरात ठेवणारी माणसं, आपण हसायचं कारण नाही. नट मिळाला तर नट, सीटचं फाटलेलं रेक्झिन मिळालं तर रेक्झिन, काहीच नाही तर 'गर्भवती महिलांनी बसू नये' ची पाटी. भंगारवाल्याच्या आधी पोचा, तो किलोवर घेतो, तुम्ही आठवणींवर घेताय, भाव तुमचाच जास्त बसणार.

आणि शेवटच्या दिवशी जा, पण बसू नका. हे मी स्वतःच्या जिवावर सांगतोय. पार्कचं नाव नको, पण मी तीन आठवडे सगळ्यांशी भांडून, सख्ख्या मेव्हण्याशी अबोला धरून, भाच्याला घेऊन शेवटच्या दिवशी गेलो. सव्वादोन तास रांग. पुढेमागे सगळे माझ्याच वयाचे, सगळ्यांची पोटं माझ्यासारखी आणि सगळे म्हणतायत की आपण लहानपणी इथे दर आठवड्याला यायचो, जे खरं असतं तर ही राईड कशाला बंद पडली असती, पण असो. माझा नंबर आला, बसलो, डोळे भरून आले, आणि मांडीवरचा दांडा काही खाली जाईना. ऑपरेटर आला, त्याने दाबला. परत दाबला. मग दोघांनी मिळून दाबला.

'साहेब, नाय लागत लॉक. उतरा.'

मी म्हटलं, 'दादा, जरा जोर लावा ना, शेवटचा दिवस आहे.'

'आमचा पण शेवटचाच आहे,' तो म्हणाला. 'उतरा.'

भाचा एकटा गेला. मी कठड्याशी उभा, तेवढ्यात तोच ऑपरेटर म्हणाला, साहेब उभेच आहात तर जरा लोकांचं सामान बघता का, आज लॉकरला माणूस नाहीये. म्हणून मग पुढचा दीड तास मी गॉगल, पर्स, पाण्याच्या बाटल्या आणि चपला सांभाळल्या, प्रत्येक फेरीला नवीन चपला, आणि ती टक टक टक अगदी जवळून ऐकली, इतकी की शेवटी शेवटी डोकं उठलं. भाचा माझ्या ओळखीवर रांग चुकवून चार वेळा बसला, उतरल्यावर 'बरी आहे' म्हणाला आणि मोमो मागितले.

घरी आलो तर बॅगेत कुणाचीतरी चप्पल राहून गेलेली. डाव्या पायाची, आठ नंबर, पट्टा थोडा उसवलाय. खऱ्या फॅनला देईन. फुकट नाही.