बॅटरीच असणार

माझ्या वीस वर्षे जुन्या फोर व्हील ड्राइव्ह गाडीचा सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटर, काल बदलून झाला आणि गाडी आता पहिल्या किल्लीत सुरू होते आहे. तरीही मी अजून धुमसतो आहे, आणि त्याला कारण शेजारचे गृहस्थ आहेत.

दुखणे ओळखीचे होते. किल्ली फिरवली की ‘टक्’ असा एकच आवाज येई आणि इंजिन ढिम्म राही. मीटर लावला तर बॅटरीत १२.६ व्होल्ट होते, म्हणजे ती भरलेली होती, आणि किल्ली फिरवूनही आकडा जेमतेम हलत होता. इंजिन फिरवताना शेकडो अँपिअर ओढणाऱ्या सेल्फने वीज घेतलीच असती, तर तो आकडा दाणकन खाली आला असता. सेल्फच्या पोटावर हातोडीच्या दोन टपल्या दिल्यावर गाडी एकदाच सुरू झाली, तेव्हा आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बन ब्रश झिजल्याची खात्री पटली. सेल्फला जाणाऱ्या जाड तारेच्या वाटेत सहसा फ्यूज नसतो, म्हणून बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवली आणि मी गाडीखाली उताणा शिरलो.

सेल्फ दोन बोल्टांवर बसतो. खालचा बोल्ट सज्जन होता. वरचा गिअरबॉक्सच्या खांद्यामागे असा दडला होता, की पुढच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्टचा दांडा चुकवून, पान्याच्या एक्स्टेंशनला एक्स्टेंशन आणि शेवटी वळणारा युनिव्हर्सल जॉइंट जोडून, केवळ बोटांनी चाचपत सॉकेट त्याच्या डोक्यावर बसवावा लागत होता. पाना अर्धा इंच फिरे, सॉकेट निसटे आणि गंजाचा चुरा नेमका डोळ्यांत पडे.

याच क्षणी माझ्या कानाशी दोन चपला येऊन थांबल्या. उजव्या चपलेचा अंगठा सेफ्टी पिनेने अडकवलेला होता.

“बॅटरी पाहिलीत का?”

“पाहिली. उत्तम आहे. सेल्फ गेला आहे.”

“सेल्फ कसा जाईल? अहो, लोखंडाचा असतो तो. बॅटरीच असणार.”

वाद घालण्याइतकी जागा गाडीखाली नव्हती. उलट, आले आहेत तर उपयोग करून घ्यावा, अशा दुर्बुद्धीने मी म्हणालो, “जरा बॅटरी धरता का?”

चपला तत्परतेने बॉनेटकडे गेल्या. उजेड मात्र आला नाही. मिनिटभराने वरून आवाज आला, “धरली! चांगली घट्ट बसलेली आहे. हलत नाही.”

माझा टॉर्च त्यांच्या मघाच्या जागी तसाच पडून होता.

‘सेल्फ’ हे नावच मुळी थट्टेचे आहे. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ आला, त्यापूर्वी इंजिन हातातल्या दांड्याने फिरवावे लागे आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडे. त्या काळच्या चालकांविषयी मला सहानुभूती आहे. पण हात मोडत असताना ‘दांडाच खराब असणार’ असे सांगणारे कोणी ज्यांच्या जवळ उभे असेल, त्या चालकांविषयी जास्त आहे. गाडीचे बॉनेट उघडले की माणसे जमतात, आणि त्यातल्या एकालाही टॉर्च धरावासा वाटत नाही, याचा मला खरोखरच राग येतो.

अखेर वरचा बोल्ट करकरत सुटला आणि कित्येक किलोंचा तो ऐवज माझ्या छातीवर विसावला. नवा सेल्फ बसवताना पुन्हा तीच आंधळी कोशिंबीर झाली. गृहस्थ हलले नव्हते. तीन तासांनी मी बाहेर आलो, त्यांच्या डोळ्यांदेखत बॅटरीची तार जोडली, पाना फिरवून ती घट्ट केली आणि किल्ली फिरवली. इंजिन गुरगुरले.

“बघा!” गृहस्थ टाळी वाजवून म्हणाले. “शेवटी बॅटरीच निघाली ना?”

जुना सेल्फ त्यांच्या पायाशी पडला होता. त्यांनी तो ओलांडला आणि ते घरी गेले. आज सकाळी पलीकडच्या बाईंनी मला थांबवून आपुलकीने विचारले, “नवी बॅटरी कोणत्या कंपनीची घेतलीत?”