बटन दाबलंच नव्हतं बाईंनी!

"तुम्ही माझा नंबर विकला का हो?"

पुण्याच्या एक बाई आज दुपारी माझ्या काकूला फोनवर हे विचारून राहिल्या होत्या आणि काकू गच्चीवर कुरड्यांचा साचा हातात धरून तशीच उभी. रिटायर्ड मास्तरीण आहेत त्या, मूळच्या वर्ध्याच्या. सात वर्षं झाली, दर उन्हाळ्यात आमच्याकडून सरगुंडे, कुरड्या, मूगवड्या नेतात, कधी भावावरून घासाघीस नाही, उलट पार्सल मिळालं की काकूला फोन करून अर्धा तास गावाकडच्या गोष्टी करतात. आज त्यांना वाटलं की नागपूरच्या महाल भागातल्या या बाईने आपला नंबर विकून पैसे खाल्ले. काकू एवढंच म्हणाली, "नाही हो बाई, मी काहून विकीन?" आणि फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं तिने. काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, कारण वेबसाइट काढायचा हट्ट माझा होता, "अगं काकू, आता सगळं ऑनलाइन असते" हे मीच तिच्या डोक्यात भरवलं होतं.

आता झालं काय ते ऐका. बाईंनी आमच्या साइटवर ऑर्डरचा फॉर्म उघडला, नाव टाकलं, नंबर टाकला, यावेळी माल बहिणीकडे पाठवायचा म्हणून बहिणीचा पत्ता टाकला, मग त्यांना वाटलं आधी बहिणीला विचारून घ्यावं, म्हणून फॉर्म तसाच सोडून दिला. ऑर्डर द्या असं बटन आहे खाली हिरवं, ते त्यांनी दाबलंच नाही. अर्ध्या तासात त्यांना फोन, हिंदीतून, "मॅम आपका कुरडई का ऑर्डर पेंडिंग है, अभी पेमेंट करेंगे तो दस परसेंट डिस्काउंट." काकूने आजपर्यंत कुरडईवर एक रुपया सूट दिलेली नाही आणि का द्यावी? तीन दिवस गहू भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा आणि मग मेच्या उन्हात गच्चीवर बसून एकेक कुरडई पाडायची, नागपूरचं ऊन काय असते ते मी सांगायची गरज नाही. आणि हा कोण कुठला तिच्या मालावर दहा टक्के सोडून राहिला?

मी लॅपटॉप उघडला. ब्राउझरमध्ये नेटवर्कची टॅब लावली, साइट कुठे काय पाठवते ते तिथे दिसते, आणि आमचाच फॉर्म भरायला घेतला. खोटं नाव, खोटा नंबर. नंबर टाकून बोट पुढच्या बॉक्समध्ये नेलं न नेलं तोच एक रिक्वेस्ट निघाली, आमच्या नाही, भलत्याच सर्व्हरकडे, आत माझा खोटा नंबर जसाच्या तसा. मी नंबर पुसला, दुसरा टाकला. दुसराही गेला. पहिला जो मी पुसला होता तो तर आधीच जाऊन बसला होता. पत्ता टाकला, पत्ता गेला. म्हणजे आमच्या साइटवर येऊन माणसाने जे जे लिहिलं, लिहून खोडलं, नको म्हणून सोडून दिलं, ते सगळं कोणीतरी पलीकडे बसून गोळा करत होतं, आणि साइटवर नाव काकूचं.

हे लावलं कोणी, तर आमच्या त्या एसइओ एजन्सीने, म्हणजे गूगल सर्चमध्ये साइट वर आणून देतो म्हणणाऱ्यांनी. मागच्या दिवाळीत त्या एजन्सीतला एक मुलगा व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट पाठवून मागेच लागला होता. मोबाइलवर साइटच्या वेगाचा स्कोर शंभरात ३८, लाल गोल, त्याच्याभोवती अजून यांनी काढलेला लाल गोल. "ताई, एलसीपी अडीच सेकंदांच्या आत पाहिजे, आयएनपी २०० मिलिसेकंदांच्या आत, सीएलएस ०.१ च्या खाली, नाहीतर गूगल तुम्हाला मागच्या पानावर फेकून देईल." पान दिसायला किती वेळ, टॅपला उत्तर किती वेळात, पान किती हलते, त्याचे हे गूगलचे आकडे खरे आहेत, मी नाही म्हणत नाही. पण हे आकडे चांगले आले म्हणून वरचा नंबर मिळेलच असं नाही हेही गूगलनेच लिहून ठेवलंय, आणि पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही हेसुद्धा, स्वच्छ शब्दांत, ज्याला वाचायचं त्याने वाचावं. हा मुलगा तीन महिन्यांत पहिल्या पानाची हमी देऊन राहिला होता. आणि मी टॅग मॅनेजरचा, म्हणजे साइटवर बाहेरचा कोड चढवायच्या जागेचा, पूर्ण अॅक्सेस त्याच्या हातात दिला. दिला मी. घराची किल्ली दिल्यासारखं झालं ते, चूक माझी आहे, काकूचं त्यात काहीच नाही.

मग यांनी काय केलं, काकूच्या कुरड्यांचे फोटो दाबून दाबून पार धुरकट करून टाकले, फोटो जड आहेत म्हणे, आणि दुसऱ्या दाराने स्क्रिप्टा, म्हणजे बाहेरच्या कंपन्यांच्या कोडचे तुकडे, आत कोंबल्या. आज मोजल्या मी, अकरा. एक हीटमॅपची, म्हणजे लोक पानावर कुठे टॅप करतात त्याचा नकाशा काढणारी, एक चॅटच्या फुग्याची जो कधी कोणी उघडला नाही, एक रेकॉर्डिंगची जी माणसाचा प्रत्येक स्क्रोल, प्रत्येक टॅप टिपून ठेवते, आणि एक ही, अर्धवट सोडलेल्या ऑर्डरी परत आणून देणारी, जिच्याबद्दल आम्हाला कोणी अवाक्षर सांगितलं नव्हतं. संध्याकाळी मी अकराच्या अकरा काढून फेकल्या आणि स्कोर पाहिला. ४३ चा ८१ झाला. फोटोंना मी हातही लावला नव्हता! सहा महिने साइट हळू आहे म्हणून आमच्याकडून महिन्याचे पैसे घेतले आणि साइट हळू यांच्याच ओझ्याने झाली होती.

फोन लावला त्याला. म्हणे, "ताई, हे सगळेच करतात, इंडस्ट्री स्टँडर्ड आहे, यूजर एक्सपीरियन्स ऑप्टिमाइझ होते." हा ऑप्टिमाइझ शब्द आता माझ्यासमोर कोणी काढू नका, खरंच सांगते, माझं डोकं फिरते. मी विचारलं, बाईंनी बटन दाबलं नव्हतं तर नंबर तुमच्याकडे आला कसा? "त्यांनी टाईप केला ना पण." टाईप केला म्हणजे दिला का बे? इतवारीत दुकानाच्या पायरीवर चढून परत उतरलेल्या बाईच्या पर्समधून तिचा पत्ता काढून घेता का तुम्ही? तो म्हणे प्रायव्हसी पॉलिसीत लिहिलं आहे. ते पान उघडलं मी. त्यात आमच्या नावाच्या जागी कुठल्यातरी हॉटेलचं नाव आहे आणि चेक-इनची वेळ दिलेली आहे. कुठून तरी उचलून चिकटवलेलं, वाचलेलंही नाही!

आणि "सगळेच करतात" हे तर खरंच आहे, म्हणून जास्त आग होते. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लोकांनी सर्वात जास्त पाहिल्या जाणाऱ्या ५०,००० साइट तपासल्या, त्यात ४८२ वर अशी सगळं टिपून घेणारी रेकॉर्डिंगची स्क्रिप्ट सापडली. २०२२ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी एक लाख साइटचे फॉर्म तपासले. युरोपातून पाहिलं तर १,८४४ साइट आणि अमेरिकेतून पाहिलं तर २,९५० साइट, फॉर्म पाठवायच्या आधीच लिहिलेला ईमेल ट्रॅकरवाल्यांकडे पाठवून देत होत्या. म्हणजे जे पुण्याच्या बाईंसोबत झालं ते कुठल्या एका पोराचं डोकं नाही, धंदाच असा आहे.

आणि वरचे मोठे तरी कोणते धुतल्या तांदळासारखे आहेत? गूगलच्या क्रोम ब्राउझरमध्ये इन्कॉग्निटोची, म्हणजे खासगी ब्राउझिंगची, काळी खिडकी उघडून लोक समजत होते आपल्याला कोणी पाहत नाही, त्याच्यावर २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर केस झाली आणि २०२४ मध्ये तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. अब्जावधी! लोकांना भरपाई म्हणून त्या तडजोडीत एक पैसा नाही. लोकेशन हिस्टरी बंद केलेल्या माणसाचं लोकेशन दुसऱ्या सेटिंगमधून घेत राहिले, त्यात गूगलला अमेरिकेतल्या ४० राज्यांना ३९.१५ कोटी डॉलर द्यावे लागले, २०२२ मध्ये. थर्ड पार्टी कुकीचं, म्हणजे एका साइटवरून दुसऱ्या साइटवर आपला माग काढणाऱ्या बाहेरच्या कंपन्यांच्या खुणेचं, तर विचारूच नका. जानेवारी २०२० मध्ये सांगितलं दोन वर्षांत क्रोममधून काढतो, मग पुढे ढकललं, मग अजून पुढे, आणि जुलै २०२४ मध्ये ते काढणंच रद्द. या साडेचार वर्षांत कुकी जाणार कुकी जाणार म्हणून या एजन्सीवाल्यांनी दुकानदारांना घाबरवून किती पॅकेजं विकली असतील! अमेरिकेच्या कोर्टाने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलं की सर्चमधली मक्तेदारी गूगलने बेकायदा टिकवली. बरं मग? महालातली बाई आजही तिथेच दिसली पाहिजे, नाहीतर पुण्यामुंबईच्या गिऱ्हाइकाला ती सापडतच नाही. या भीतीवरच तर खालच्या सगळ्यांचं पोट भरून राहिलं आहे.

ते कुकीचे बॅनर पण असेच. "सर्व स्वीकारा" हे भलंमोठं निळं, आणि नकार द्यायचा असेल तर बारीक राखाडी अक्षरात कुठेतरी कोपऱ्यात, तिथे गेलं की अजून चाळीस बटनं. आणि ते फोन, "आपका बिझनेस लिस्टिंग आज एक्सपायर हो रहा है", दर आठवड्याला, काकू पापड लाटत असताना. एकदा ती खरंच घाबरून पैसे पाठवायला निघाली होती, मी घरी होती म्हणून वाचली.

कायद्याचं ऐका आता. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. डेटा संरक्षणाचा कायदा आला ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि त्यातही मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत. त्या कायद्यात संमती मोकळी पाहिजे, नेमकी पाहिजे, समजून दिलेली पाहिजे असं आहे, दंड २५० कोटींपर्यंत आहे, फार चांगलं. पण त्यात असंही आहे की डेटा ज्याच्यासाठी गोळा केला, जबाबदारी त्याची, काम करणारा दुसरा कोणी असला तरी. म्हणजे हा कायदा पूर्ण लागू झाला की उत्तर माझ्या काकूने द्यायचं! जिला स्क्रिप्ट म्हणजे काय हे आज संध्याकाळी मी सांगितलं तिने! ते धरमपेठेतल्या काचेच्या ऑफिसात एसी लावून बसलेले एजन्सीवाले नंतर म्हणतील आम्ही फक्त टूल लावलं.

फॉर्म मी बंद केला आहे. साइटवर आता फक्त काकूचा फोन नंबर आहे, ऑर्डर तोंडी, लिहायची वहीत. स्कोर, नंबर, पान, जे व्हायचं ते होऊ दे. संध्याकाळपासून काकू वही घेऊन एकेका गिऱ्हाइकाला स्वतः फोन करून राहिली आहे, "तुम्हाला कोणाचा फोन आला का, आला असेल तर पैसे देऊ नका, चूक आमच्याकडून झाली." मी म्हटलं मी करते, तर म्हणे, नाही, लोक मला ओळखतात. त्रेसष्ट नावं आहेत, एकोणीस झाली. पुण्याच्या बाईंना तीनदा लावला, उचलत नाहीत.

उद्या अकरा वाजता मी त्या ऑफिसात जाऊन बसते आहे. दिवाळीपासून आजपर्यंत आमच्या साइटवरून किती लोकांचे नंबर गेले, कोणाकडे गेले, फोन करणारे कोण, आणि सगळं पुसलं हे त्यांच्या लेटरहेडवर सहीशिक्क्यासकट लिहून पाहिजे मला. ते मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठणार नाही. तो कागद बाईंना स्पीड पोस्टाने जाईल, पुण्याला, काकूच्या हातच्या चिठ्ठीसोबत. त्यांचा पत्ता आमच्याकडे आहे, सात वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः फोनवर सांगितलेला, वहीत लिहिलेला.