19 तारीख नेमकी कुणाची?

दर फुटबॉल वर्ल्डकपला तेच! आमच्या कट्ट्यावर मिसळीची पैज लागते आणि भांडण गोलवरून नाही, तारखेवरून होतं. 2026ची फायनल म्हणे 19 जुलैला दुपारी 3 वाजता. अहो, कुणाच्या दुपारी? तिथे अमेरिकेत दुपार तेव्हा इथे रात्रीचे साडेबारा, म्हणजे तारीख 20! मग 'पैज 19च्या मॅचवर होती' म्हणून हरलेला हात वर करतो. नुसतं 'स्थानिक वेळ' लिहून वेळापत्रकवाले मोकळे. यजमान देश तीन (अमेरिका, कॅनडा, मेक्सिको), शहरं 16, कॅनडातल्याच व्हँकुव्हर आणि टोरोंटोच्या घड्याळांत तीन तासांचा फरक. त्यात अमेरिकेची घड्याळं उन्हाळ्यात तासभर पुढे, मेक्सिको सिटीचं मात्र 2022 नंतर जागचं हलत नाही. करा आता बोटं मोजत हिशोब!

आणि मैदानं? 'डॅलस'चं आर्लिंग्टनमध्ये, 'बोस्टन'चं फॉक्सबरोत, 'सॅन फ्रान्सिस्को'चं थेट सांता क्लारात. पैज लावणारा बिचारा बोस्टनचं हवामान बघून अंडर-ओव्हर (गोल ठरलेल्या आकड्याहून कमी की जास्त) ठरवतो. (मीच तो. हसू नका.) फायनलचं न्यूयॉर्कसुद्धा न्यूजर्सीत निघालं! चौघांच्या चार वह्यांत मॅचच्या चार वेगवेगळ्या वेळा लिहिल्यात, आणि मिसळीचं बिल मात्र दर वेळी माझ्याच नावावर.