‘स्तर’ शुद्ध आणि ‘थर’ अडाणी?

दहीहंडी जवळ आली की एक मजकूर व्हॉट्सॲपवर फिरतो. त्याचं म्हणणं असं: ‘थर’ हा ‘स्तर’चा बिघडलेला उच्चार, म्हणून लिहिताना ‘स्तर’च लिहा; आणि पदर, पापुद्रा, पुट हे सगळे त्याचेच गावठी पर्याय, कुठलाही वापरला तरी चालतो.

‘थर’ हा ‘स्तर’वरून आला, इथवर बरोबर. पण तो बिघडून नाही, प्राकृतातून रीतसर आला. शब्दाच्या सुरुवातीच्या ‘स्त’चा ‘थ’ झाला. तसंच ‘स्तन’चं गाईचं थान झालं आणि ‘स्तोक’चं थोडं. थर अशुद्ध ठरवला तर ‘हस्त’वरून आलेला हातही खिशात लपवावा लागेल.

शिवाय दोघांनी कामं कधीच वाटून घेतली आहेत. पातळी, दर्जा सांगायचा तिथे स्तर: जिल्हा स्तरावरची स्पर्धा, भाषणाचा घसरलेला स्तर. एकावर एक साचतं किंवा रचलं जातं तो थर. धूळ, साय, गाळ, सह्याद्रीतला लाव्हा, सगळ्यांचे थर. जय जवान पथकाने 2012 साली ठाण्यात नऊ थर लावले. गोविंदा थर ‘लावतात’. ‘स्तर लावणं’ मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. हां, शास्त्रात ‘स्तरित खडक’ म्हणतात, ते राहू द्या.

सगळ्यात कच्चा आहे तो ‘कुठलाही चालतो’ हा भाग. पुट चढवावं लागतं. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा शेंदूर 2022 साली उतरवला, ती वर्षानुवर्षं चढलेली पुटं होती. पापुद्रा पातळ आणि सुटणारा: भाकरी टम्म फुगली की वरचा उचलायचा आणि आत लसणाची चटणी भरायची. पदर मात्र एकमेकांना धरून असतात. चिरोट्यांसाठी पोळ्यांना तूप-पिठीचा साटा लावून त्या एकावर एक ठेवतात, घट्ट गुंडाळी करून कापतात, हलक्या हाताने लाटतात आणि मंद आचेवर तळतात. मग पदर सुटतात, पण चिरोटा अख्खा राहतो. पापुद्रे सुटले असते तर कढईत चुराच उरला असता.

आणि पदर दर वेळी एकावर एक असतो असंही नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग सहापदरी आहे. तो ‘सहा थरांचा’ आहे असं सांगून बघा, लोक आधी वर बघतील.