काळी उलटी आणि डॉ. रश : एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, एवढ्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. फिलाडेल्फियातल्या १७९३च्या पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) साथीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे आक्षेप दोन. काळ्या उलटीचं किळसवाणं वर्णन वाचक खेचण्यासाठी घातलंय, हा एक. आणि त्या शहरातल्या तेव्हाच्या नामांकित डॉ. बेंजामिन रशला आजच्या ज्ञानाच्या जोरावर झोडपणं अन्यायाचं आहे, हा दुसरा.

उलटी गाळली तर शहर का रिकामं झालं तेच कळत नाही. वस्ती ५०,०००च्या आसपास. त्यातले सुमारे २०,००० लोक पळाले, ५,०००च्या आसपास मेले. तापाने माणूस दगावणं तेव्हा रोजचंच होतं. पण डोळे पिवळे पडलेत, हिरड्यांतून रक्त येतंय आणि जठरात झिरपलेलं रक्त तिथल्या आम्लाने काळं होऊन कॉफीच्या चोथ्यासारखं तोंडावाटे पडतंय, हे बघून घरचेही खाटेजवळ जाईनात. (रशला मात्र साथीचं मूळ धक्क्यावर सडलेल्या कॉफीत दिसलं!)

खरी फसगत उलटीच्या आधी होते. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो, रोगी उठून बसतो, खायला मागतो. बहुतेक जण तिथूनच बरे होतात. थोड्यांचा ताप उलटतो, यकृत-मूत्रपिंडं निकामी होतात आणि मग ती उलटी. म्हणजे पहिल्या दिवशी काहीही दिलं तरी चौथ्या दिवशी गुण आल्यासारखा वाटणारच. रश पाऱ्याचे जालीम जुलाब देत होता, वाडगे भरभरून रक्त काढत होता. जगला तो आपल्या उपचाराने, अशी त्याची पक्की खात्री.

तो पळाला नाही, स्वतः आजारी पडला, सख्खी बहीण गेली, तरी रोगी तपासत राहिला. त्याच्या धैर्याबद्दल दुमत नाहीच. पण 'तेव्हा कुणालाच कळत नव्हतं' हा बचाव टिकत नाही. त्याच शहरात, त्याच महिन्यांत, बुश हिलच्या इस्पितळात डॉ. देवेझ रोग्यांना आराम, स्वच्छ अंथरूण आणि भरपूर पेयं देत होते. हा रोग डासामुळे पसरतो हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. तरी अशक्त माणसाचं रक्त उपसू नये एवढं त्यांना उमगलं होतं.

आणखी एक. कृष्णवर्णीयांना हा रोग होत नाही असं सांगून रशने त्यांना शुश्रूषेला बोलावलं. अ‍ॅब्सलम जोन्स आणि रिचर्ड अ‍ॅलन या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांच्या पुढाकाराने माणसं आली, प्रेतंही त्यांनीच उचलली, आणि इतरांसारखीच तीही मेली. वर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने त्यांच्यातल्या काहींवर लुटीचा आरोप केला. माझा राग आहे तो यावर.

पुढचा लेख स्टबिन्स फर्थवर आहे. रोग संसर्गजन्य नाही हे दाखवायला या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने रोग्यांची काळी उलटी स्वतःच्या जखमांत भरली, डोळ्यांत घातली आणि शेवटी प्यायली. त्याला काही झालं नाही. तो लेख जेवताना उघडू नका, इतकंच आधी सांगून ठेवतो.